थांबणं कुणाला परवडतं?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत सकाळी सातनंतर पोचलं, की पहिल्या पाळीची गर्दी आत शिरलेली असते आणि गेटाबाहेर वेगळीच माणसं उरलेली दिसतात. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. त्यात आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, दोन फोटो, असलाच तर आयटीआयचा निकाल. बहुतेक पोरं विशी-पंचविशीतली. मधूनच एखादा चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला, जरा बाजूला उभा. गेटाजवळच्या भिंतीवर रंगाने लिहिलेलं असतं, ‘हेल्पर पाहिजे’, आणि खाली मोबाइल नंबर. नंबर बहुधा ठेकेदाराचा असतो.

या पोरांशी पहिल्यांदा बोलतो तो वॉचमन. तोही कुठल्यातरी एजन्सीचाच माणूस. पण कुठली लाइन बंद आहे, कुठल्या खात्यात माणूस कमी पडतोय, हे त्याला आतल्या साहेबाइतकंच ठाऊक असतं. ‘काका, भरती आहे का?’ या प्रश्नाला त्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘दिवाळीनंतर बघ. नंबर ठेवून जा.’ भिंतीवरची पाटी मात्र कुणी पुसत नाही. चांगल्या दिवसांत तिच्यावरचा फोन उचलला जातो, वाईट दिवसांत वाजत राहतो.

या अंकासाठी मंदी हा विषय ठरला, तेव्हा मला एवढंच पाहायचं होतं, की नोकरी गेलेला माणूस दुसरी नोकरी नेमकी शोधतो कशी. त्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा निवडला. इथे कारखाने आहेत, घरगुती धंदे आहेत, आणि रोज मुंबईला जाणारी हजारो माणसंही आहेत. मंदी कुठल्याही दारातून आली, तरी ती इथे पोचतेच.

ती येते कशी, याचा क्रम इथल्या कामगाराला पाठ आहे. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग रविवारची पाळी जाते, मग तिसरी पाळी. त्यानंतर ठेकेदाराची पोरं कमी होतात. त्यांना कुणी काढत नाही, फक्त ‘उद्यापासून येऊ नका, फोन करतो’ असं सांगितलं जातं. सगळ्यात शेवटी कायम कामगारांसमोर स्वेच्छानिवृत्तीचा कागद येतो. विकासदर घसरल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून येते, तोवर गेटाबाहेर चहा विकणाऱ्याने दूध कमी घ्यायला लागून महिना-दोन महिने झालेले असतात.

हप्त्याचं गाव

बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. गाडी वेळेवर असली तरी दीड तास सहज जातो. स्टेशनच्या पूर्वेला कुळगाव आणि पश्चिमेला, उल्हास नदीकडे, मूळ बदलापूर गाव. नगरपरिषदेच्या नावात दोन्ही आहेत. २००१ साली या शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या, की हा आकडा केव्हाच मागे पडला असणार हे उघड दिसतं.

ही माणसं इथे का आली? घर परवडलं म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या असंख्य जणांना पुन्हा गिरणीचं तोंड दिसलं नाही. गिरणगावातली खोली विकून किंवा भाड्याने देऊन कुटुंबं कल्याणच्या पलीकडे सरकत गेली. पुढे त्यांची मुलं, मग कोकणातून आणि घाटावरून आलेले नोकरदार, मग डोंबिवलीतही भाव परवडेना म्हणून आलेले. प्रत्येकाने मुंबईपासून थोडं आणखी लांब जाऊन स्वतःचं दार मिळवलं.

हे दार बहुतेकांनी कर्ज काढून घेतलं आहे आणि मंदीतल्या नोकरीशी त्याचा थेट संबंध आहे. भाड्याने राहणारा माणूस अगदीच अडला तर खोली सोडून गावी जाऊ शकतो. हप्ता भरणारा जाऊ शकत नाही. त्याच्या हातात महिना नसतो, पाच तारीख असते. नोकरी गेल्यावर साठवण संपते, मग भिशी लवकर उचलली जाते, मग मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं तारण जातं, मग भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज. गावाकडून तांदूळ येतो. या क्रमात माणूस कुठल्या पायरीवर आहे, त्यावर तो कुठलं काम स्वीकारणार हे ठरतं. ज्याच्याकडे चार महिने आहेत तो आपल्या कामाची नोकरी शोधतो. ज्याच्याकडे चार आठवडे आहेत तो समोर येईल ते धरतो. कसब, शिक्षण, अनुभव यांचा नंबर त्यानंतर लागतो.

समोर येईल ते धरण्याची किंमत पुढे अनेक वर्षं चुकवावी लागते. तीस हजारांवरून अठरा हजारांवर आलेल्या माणसाला पुढचा मालक शेवटची पगाराची स्लिप मागतो आणि अठराच्या पुढे बोलणी सुरू करतो. मंदी हटते, पण त्याचा पगार मंदीतच राहतो.

नदीकडचा ठेका

बदलापूर गावातली गोष्ट थोडी निराळी आहे. इथली जुनी कुटुंबं शेतीची. आगरी, कुणबी, आणि वरच्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी. शहर वाढलं तशा जमिनी विकल्या गेल्या. काहींनी पैशातून घर बांधलं, गाडी घेतली, टेम्पो घेतला. शेत मात्र परत येत नाही, आणि पुढच्या पिढीला शेतीही नाही आणि मुंबईच्या नोकरीला लागणारं शिक्षण-इंग्रजीही अपुरं, अशी स्थिती झाली. या मुलांच्या तोंडी ‘नोकरी’ या शब्दापेक्षा ‘काम मिळवायचं’ हे जास्त असतं. कंपनीत माणसं पुरवण्याचं काम, भंगार उचलण्याचं, कँटीनचं, पाण्याच्या टँकरचं, माती भरावाचं.

बाहेरचे लोक या ठेक्यांबद्दल नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याची जमीन एमआयडीसीत किंवा इमारतींखाली गेली, त्याने गेटावर हक्क सांगायचा नाही तर कुणी सांगायचा? महाराष्ट्र सरकारचं धोरणही स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात असंच सांगतं, आणि स्थानिक म्हणजे १५ वर्षं राज्यात राहिलेला, अशी त्याची व्याख्या आहे. या व्याख्येत गावचा आणि शहरातला सगळेच बसतात, त्यामुळे जमीन गेलेल्याला तिचा वेगळा उपयोग होत नाही. मग तो धोरण सोडतो आणि ठेका धरतो. त्रास पुढे होतो. माणसं पुरवण्याचं काम मोजक्या हातांत एकवटतं आणि गावातल्याच गरीब घरच्या पोराला गेटाच्या आत जायला त्या हातांची ओळख लागते.

बदलापूरहून थोडं पुढे गेलं की बारवी धरण. एमआयडीसीने बांधलेलं हे धरण १९७२ पासून या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना पाणी देतं. त्याची उंची वाढवली तेव्हा आणखी घरं, आणखी शेतं पाण्याखाली गेली, आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबातल्या एकाला एमआयडीसीत किंवा पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांत नोकरी देण्याचं ठरलं. त्यासाठीही लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. या साऱ्या भागात आजघडीला एखाद्या तरुणाला पक्की, पेन्शनीच्या घरातली म्हणावी अशी नोकरी मिळण्याचा रस्ता कुठला, असं विचारलं, तर घर बुडणं हे त्यातलं एक उत्तर आहे. हे लिहितानाही मन धजत नाही.

कायम जाते, ठेक्याने येते

अंबरनाथमध्ये कारखाने एमआयडीसीच्या आधीपासून आहेत. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ मधली, खतं आणि आम्लं बनवणारी. स्वीडिश कंपनीने काढलेला विम्कोचा माचिस कारखाना १९२० च्या दशकातला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याची ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग रसायनं, औषधं, इंजिनिअरिंग यांच्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या. एका पिढीसाठी अंबरनाथ म्हणजे भोंग्यावर चालणारं गाव होतं. बाप कारखान्यात, मग त्याच्या जागी मुलगा.

विम्कोची माचिस आता इथे बनत नाही. विम्को नाका हे नाव राहिलं आहे आणि रिक्षावाला त्याच नावाने सोडतो. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं १ ऑक्टोबर २०२१ ला सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झालं. अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली, मशीन टूलवाली आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. जुन्या लोकांची सेवा अबाधित राहिली, पण या नव्या कंपन्यांच्या भरतीच्या जाहिरातीत ‘ठरावीक मुदतीपुरतं’ हे शब्द दिसू लागले. आयटीआयच्या मुलाला शिकाऊ म्हणून वर्षभर घेतात. वर्ष संपलं की प्रमाणपत्र हातात आणि तो पुन्हा गेटाबाहेर.

खासगी कंपन्यांतलं यंत्र आणखी बारीक चालतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ठरवून दिलं, की वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा. वर्षभर सलग म्हणजे २४० दिवस. मग ठेकेदार काय करतो? २४० भरण्याआधी ‘ब्रेक’ देतो. सातव्या महिन्यात पोरगा घरी, पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने तोच पोरगा त्याच मशीनवर, कधी नव्या ठेकेदाराच्या नावावर. अशी आठ-आठ वर्षं एकाच शेडमध्ये काढलेली माणसं इथे आहेत आणि कागदावर त्यांचं एकही वर्ष पूर्ण झालेलं नाही.

मंदी आल्यावर हाच ब्रेक लांबतो. पंधरा दिवसांचे दोन महिने होतात, दोनाचे पाच. त्या माणसाची नोकरी गेली असं म्हणता येत नाही, कारण ती त्याची कधी झालीच नव्हती. तो नोकरी शोधतोय असंही धड म्हणता येत नाही, कारण फोन येईल म्हणून तो थांबला आहे. गेली चाळीस वर्षं या पट्ट्यातून फिरलेल्या प्रत्येक मंदीने हेच केलं आहे. जाताना कायमची जागा गेली, परत आली ती ठेक्याची होऊन. २००८ ची जागतिक मंदी अजून ओसरलेली नव्हती, तेव्हा कल्याणजवळ मोहन्याच्या एनआरसी या रेयॉन कारखान्याला टाळं लागलं, तो २००९ चा नोव्हेंबर. हजारो कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षं लढत राहिले. त्यांची मुलं आज अंबरनाथच्या शेडमध्ये ठेक्यावर असतील, किंवा पाठीवर डबा लावून दुचाकीवर जेवणाची पार्सलं पोचवत असतील.

या दुचाकीवाल्यांचंही गेटच आहे, फक्त ते फोनमध्ये आहे. ‘आयडी चालू’ आहे तोवर काम, ‘आयडी ब्लॉक’ झाला की बंद. इथे ओळखीचा वॉचमन सापडत नाही, कारण विचारायचं कुणाला हेच कळत नाही. गाडीचा हप्ता मात्र चालू असतो.

उल्हासनगरचे धागे

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगर वसलं. सगळं गमावून आलेल्या या लोकांनी नोकरी शोधली नाही, धंदा उभा केला. पापड, मिठाई, फर्निचर, कापड, आणि नंतर जीन्स. कॅम्प चार-पाचच्या गल्ल्यांत कापणी, शिलाई, काज-बटण, धुलाई, इस्त्री, पॅकिंग असा एकेक टप्पा वेगवेगळ्या घरात. उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले कारागीर मशीनवर, आणि आसपासच्या वस्त्यांतल्या मराठी, सिंधी, हिंदी बोलणाऱ्या बायका घरी बसून धागा कटिंगला. नगावर पैसे.

जीन्सच्या धुलाईचं रंगीत, रसायनांचं पाणी वालधुनीत जात होतं. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगवणारी ही नदी उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. ‘वनशक्ती’ संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि गेल्या दशकाच्या उत्तरार्धात जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली. नोटबंदी आणि जीएसटीने हा रोखीवर चालणारा धंदा आधीच खिळखिळा केला होता.

नदी वाचली पाहिजे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण कारखाना बंद करताना पाण्याचा विचार झाला तसा हातांचा झाला नाही. एक टप्पा थांबला की साखळीतले सगळेच थांबतात. धुलाई गेली तर शिलाईचा माल पुढे सरकत नाही, आणि कुठल्याच पगारपत्रकावर नसलेल्या धागा कटिंगवाल्या बाईचं काम एका दिवसात जातं. तिला नोटीस नाही, भरपाई नाही, बेरोजगारांच्या मोजणीत नोंदही नाही. काही युनिटं दूरच्या गावांकडे सरकली, काही कारागीर परत गेले.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती नेहमी वाक्याच्या शेवटी टाकली जाते. पुरुषाची नोकरी गेल्यावर घर चार महिने तग धरतं, ते बहुतेक वेळा बाईच्या या नगावरच्या पैशांवर. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणारी, औषध कंपनीत पॅकिंगला जाणारी, डबे देणारी, ब्लाउज शिवणारी. नवऱ्याला बरी नोकरी मिळेपर्यंत थांबता येतं ते तिच्यामुळे.

गाडी बंद झाली तेव्हा

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. टाळेबंदीच्या त्या तिमाहीत, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये, देशाचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला आणि शहरी बेरोजगारी सरकारी पाहणीतच २० टक्क्यांच्या वर गेली. बदलापूरच्या माणसाला मात्र या आकड्यांहून मोठं संकट एकच होतं. गाडी नव्हती.

जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाल्या. खासगी कार्यालयंही हळूहळू उघडली, पण तिथल्या कर्मचाऱ्याला लोकलमध्ये चढायची मुभा नव्हती. मग एसटी, खासगी बस, तिघांत एक रिक्षा, शिळफाट्याच्या कोंडीत तासन् तास. जायला तीन-चार तास, यायला तेवढेच. मालक म्हणे, येत नसाल तर आम्हाला जवळचा माणूस बघावा लागेल. अनेकांच्या नोकऱ्या टाळेबंदीत टिकल्या आणि कार्यालय उघडल्यावर गेल्या, हे मुंबईत राहणाऱ्यांना पटकन समजत नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला सर्वांना लोकल खुली झाली तीही वेळा ठरवून, पहाटेपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. दहा ते सहा काम करणाऱ्या बदलापूरकराने काय करावं? साडेपाचला घर सोडून आठ-साडेआठला बंद कार्यालयासमोर थांबावं आणि रात्री नऊनंतरची गाडी धरून अकराला परतावं. ते केलं लोकांनी. एप्रिलमध्ये पुन्हा दार बंद झालं, ते १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी उघडलं.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. व्याज चालू राहिलं, त्यामुळे कर्जाची वर्षं वाढली. तरीही मला वाटतं, त्या वर्षी बदलापूरला सावरलं असेल तर या सवलतीने. तिने लोकांना पैसे दिले नाहीत, वेळ दिला.

लावून देणारे

नोकरी कशी लागली, असं या पट्ट्यात कुणालाही विचारलं तर उत्तर येतं ते माणसाच्या नावाने. भावोजींनी लावलं. डब्यातल्या ग्रुपमधल्या एकाने सीव्ही पुढे दिला. आमच्या मंडळातला एक जण तिथे सुपरवायझर आहे. सरकारचं ‘महास्वयं’ पोर्टल आहे, रोजगार मेळावे भरतात, स्टेजवर हार-तुरे होतात. मेळाव्यात टेबलांवर सगळ्यात लांब रांग असते ती विक्री, वसुली आणि सुरक्षा रक्षकांच्या जागांसाठी. ओळखीला दोष देण्यात अर्थ नाही. मालकालाही खात्रीचा माणूस हवा असतो. पण मंदीत ओळखही आटते. ज्याने लावून द्यायचं त्याचीच खुर्ची हलत असते आणि सगळ्यांची ओळख एकाच कारखान्यात, एकाच व्यवसायात असेल तर सगळे एकदमच बुडतात. म्हणून मला भेटलेल्यांत पुन्हा उभे राहिलेले बहुतेक जण जवळच्या मित्रामुळे उभे राहिले नव्हते. त्यांना काम सांगितलं होतं ते लांबच्या कुणीतरी. जुन्या इमारतीतला शेजारी, मुलाच्या क्लासमधल्या मित्राचे वडील, वारीत भेटलेला कुणी. नोकरी गेली की माणूस लाजेने घरात बसतो आणि नेमक्या याच लांबच्या माणसांपासून तुटतो.

पंचेचाळीस ओलांडलेल्याचं सगळ्यात अवघड. त्याला ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणतात आणि पुढे फोन येत नाही.

आणि जिथे एवढी निकड, तिथे फसवणारे येणारच. रेल्वेत लावतो, मंत्रालयात लावतो, हे जुने. आता घरबसल्या डेटा एंट्रीचं काम देतात, अचूकता कमी भरली असं सांगून करारभंगाच्या दंडाची खोटी वकिली नोटीस पाठवतात. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे दोनशे रुपये खरोखर देतात आणि मग पाच हजार भरायला लावतात. कामासाठी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ घरं वाचतील. अशा करारावर सही केल्याने तुरुंगात जावं लागत नाही, हेही सांगायला हवं. धमकीला घाबरून मुलं सोनं विकून दंड भरतात.

तरुण मुलांचा दुसरा ओढा पोलीस भरतीचा. पहाटे मैदानांवर आणि मोकळ्या रस्त्यांवर पळणारी मुलं-मुली दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ जागांसाठी पावणेअठरा लाखांच्या आसपास अर्ज आले, एका जागेला शंभर. त्यांत पदवीधर होते, अभियंते होते. भरतीची तयारी हे या वयातलं थांबणंच आहे, पण त्याला घरात मान आहे. ‘काय करतो?’ या प्रश्नाला उत्तर आहे.

थांबण्याचे पैसे

ज्याला थांबता येतं त्याला बरं काम मिळतं, हे खरं असेल तर प्रश्न उरतो तो थांबण्याच्या पैशांचा. आणि ते पैसे थोडेफार आहेत! ते कुणाला माहीत नाहीत, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांच्यासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ १ जुलै २०१८ पासून आहे. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस, सुरुवातीला सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के. २०२० मध्ये हे प्रमाण ५० टक्के केलं, अटी सैल केल्या आणि मालकाच्या शिफारशीशिवाय कामगाराने थेट अर्ज करण्याची सोय दिली. रोजचा सरासरी पगार ५०० असेल तर दिवसाला २५०, नव्वद दिवसांचे साडेबावीस हजार. आयुष्यात एकदाच मिळतात. फार नाहीत, पण पाच तारखेच्या तीन हप्त्यांतले काही ओढले जातात आणि ‘येईल ते धरू’ची घाई तेवढी कमी होते. कंपनी बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली असेल, तर २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना याहून लांब मुदतीची आहे.

गेटाबाहेरच्या ज्या ज्या माणसाला मी हे विचारलं, त्याला ईएसआय म्हणजे उल्हासनगरचं कामगार रुग्णालय एवढंच ठाऊक होतं. दर महिन्याला पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. ठेकेदाराने तो खरोखर भरला का, विमा क्रमांक एकच ठेवला की प्रत्येक ब्रेकनंतर नवा काढला, यावर पुढचं सगळं ठरतं. योजनेला किमान दोन वर्षांची नोंद लागते. क्रमांक बदलत राहिले की ती दोन वर्षं कधी जुळतच नाहीत. म्हणून फोल्डरमधल्या त्या झेरॉक्सांत आणखी एक कागद असायला हवा, विमा क्रमांकाचं कार्ड, आणि नवीन ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, ‘दादा, माझा जुना नंबर आहे, त्यावरच टाका.’

अडीच हजारांचा हिशोब

पगाराच्या स्लिपवर आणखी एक ओळ असते, व्यवसाय कर. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. तो कशासाठी सुरू झाला हे बदलापूरच्या गाडीत किती जणांना माहीत असेल? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो माणसांना खडी फोडायचं, बांध घालायचं काम दिलं. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवरची माणसं पन्नास लाखांच्या घरात गेली होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य, असं कायद्याने मानणारं हे पहिलं राज्य. देशाने २००५ मध्ये ग्रामीण भागासाठी केलेला कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

म्हणजे नोकरी असताना बदलापूरचा माणूस खेड्यातल्या बेकाराच्या हमीसाठी पैसे देत आला, आणि ते योग्यच होतं. पण त्याची स्वतःची नोकरी गेली की त्याला हमी नाही, कारण तो नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो. रस्त्यापलीकडच्या ग्रामपंचायतीतल्या पाड्यावर कामाचा हक्क, अलीकडच्या चाळीत नाही. केरळने शहरांसाठी अय्यनकालींच्या नावाने रोजगार हमी सुरू केली. राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये शहरी कुटुंबांना १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. ज्या महाराष्ट्राने ही कल्पना देशाला दिली, त्याच्या शहरांत ती नाही.

कामं नाहीत असं कुणी म्हणू नये. उल्हास नदीत दर वर्षी जलपर्णी माजते. वालधुनीचे काठ कचऱ्याने भरले आहेत. पावसाआधीची नालेसफाई ठेकेदाराकडे जाते. नगरपरिषदेच्या शाळांना रंग हवा आहे, ग्रंथालयांना माणूस हवा आहे, आरोग्य केंद्रांच्या नोंदी संगणकावर चढवायच्या आहेत. शेवटचं काम त्या इस्त्रीच्या शर्टातल्या पंचेचाळिशीच्या माणसाला उत्तम येतं. वर्षातले शंभर दिवस, किमान वेतनाने, मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, आणि नाही दिलं तर भत्ता. राज्याच्या १९७७ च्या कायद्याचा सांगाडा तयार आहे, त्यात शहरांचं कलम घालायचं आहे. तशी मागणी करणारा पहिला ठराव कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या सभागृहात मांडला गेला पाहिजे, आणि त्याच्या प्रती अंबरनाथ आणि उल्हासनगरला गेल्या पाहिजेत.